मनाच्या आजाराचा धडा कोण देणार?

झाशीच्या गल्लीबोळांत मुलांचे भांडण हातघाईवर आले की एक वाक्य हटकून कानी पडते : ‘इसे आगरा भेजो!’ येथे ताजमहाल अभिप्रेत नसतो. अभिप्रेत असते ते १८५९ साली इंग्रजांनी आग्र्याला उभारलेले वेड्यांचे इस्पितळ. मुंबईकडील वाचकांना ‘ठाण्याला पाठवा’ आणि पुण्याकडील वाचकांना ‘येरवड्याला न्या’ ही त्याच टोमण्याची मराठी रूपे चांगलीच परिचित आहेत. टोमण्यामागील भीती निराधार होती असेही नाही. आग्रा, ग्वाल्हेर आणि रांची येथील मनोरुग्णालयांची अवस्था अशी झाली होती की, १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या कारभारावर देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपविले. यांपैकी ग्वाल्हेर झाशीपासून अवघ्या शंभर किलोमीटरवर आहे.

मनोविकाराविषयी मुलाला मिळणारा पहिला धडा हा असा रस्त्यावर मिळतो. दुसरा घरात मिळतो. पाहुणे आले की आतल्या खोलीचे दार लोटून घेतले जाते आणि तेथे बसलेल्या आत्याविषयी कोणी बोलत नाही. आपणही बोलावयाचे नाही, हे मुलाला न सांगता समजते. तिसरा धडा ओझाकडे, किंवा उत्तर हिंदुस्थानातील असंख्य कुटुंबे ज्याची वाट धरतात त्या राजस्थानातील मेहंदीपूरच्या बालाजीकडे मिळतो. तेव्हा, ‘शाळकरी मुलांना मानसिक आजारांचे शिक्षण द्यावे काय?’ ही प्रश्नाची मांडणीच मुळात चुकीची आहे. शिक्षण अखंड चालू आहे. ते कोणी द्यावे आणि खरे द्यावे की खोटे, एवढाच प्रश्न शिल्लक आहे.

हे वय टाळून चालणारे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे निम्म्या मनोविकारांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५–१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण ७.३ टक्के आढळले. त्याच पाहणीनुसार बहुतेक मानसिक आजारांत दर शंभर रुग्णांपैकी सत्तरांहून अधिक जणांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ या एका वर्षात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदविल्या. त्यांपैकी सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातील होत्या. पुरोगामी म्हणवून घेणाऱ्या राज्याने या आकड्यापुढे थोडे थांबावे.

येथे भाषेचाही प्रश्न उपस्थित होतो, आणि तो केवळ भाषांतरकाराचा छंद नव्हे. ‘डिप्रेशन’ला आपण कधी नैराश्य म्हणतो, कधी औदासीन्य, कधी खिन्नता. हे तिन्ही शब्द छापील आहेत. चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडी त्यांपैकी एकही येत नाही. ती म्हणते, ‘जीव लागत नाही’, ‘झोप येत नाही’, ‘काही नकोसे वाटते’. आणि घरातील वडीलधारी माणसे ‘नखरे’ म्हणून तिची बोळवण करतात. उलट ‘वेडा’ हा शब्द आपण लाडातही वापरतो आणि शिवी म्हणूनही. त्यामुळे खऱ्या आजारासाठी तो निरुपयोगी होऊन बसला आहे. नेवाळकरांच्या काळापासून झाशीत राहिलेल्या मराठी कुटुंबांतील मुलांची अडचण तर दुहेरी आहे. घरी मराठी, शाळेत हिंदी, भविष्याची भाषा म्हणून इंग्रजी. मग मनातले सांगावयाचे ते कोणत्या भाषेत? ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा (क्रमांक १४४१६) वीस भाषांत, मराठीतही, चालते, ही गोष्ट म्हणूनच महत्त्वाची आहे. परंतु हा क्रमांक किती शाळांच्या भिंतीवर लिहिलेला आहे?

शासनाच्या लेखी मानसिक आरोग्याचे शिक्षण म्हणजे बव्हंशी उपदेश. २०१८ पासून दरवर्षी पंतप्रधान ‘परीक्षा पे चर्चा’ करतात आणि मुलांना ताण न घेण्याचा सल्ला देतात. एनसीईआरटीने २०२२ साली सुमारे ३ लाख ७९ हजार विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हेच आपल्या चिंतेचे कारण सांगितले. म्हणजे ताण निर्माण करणारी व्यवस्था जशीच्या तशी ठेवावयाची आणि तो सोसण्याचे कसब मात्र मुलाने कमवावयाचे, असा हा व्यवहार आहे. ज्या बुंदेलखंडी मुलाचा बाप सुरतेला आणि आई वीटभट्टीवर, आणि जो आजीजवळ राहून शाळेत जातो, त्याला डोळे मिटून श्वास मोजावयास शिकविल्याने फारसे काही साधणार नाही. ब्रिटनमधील ८४ शाळांत आठ हजारांहून अधिक मुलांवर अशा ध्यानधारणेच्या तासांचा प्रयोग झाला. २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : नेहमीच्या शिक्षणाहून अधिक लाभ दिसून आला नाही.

तथापि याच्या उलट टोकाला जाण्याचा मोह आपल्यापैकी अनेकांना होतो, त्याचाही समाचार घेतला पाहिजे. दारिद्र्य आणि बेकारी गेली की मनोविकार आपोआप नाहीसे होतील, हे म्हणणे शास्त्रीय नव्हे. दारिद्र्याने आजार बळावतो आणि उपचार दुरावतो, हे खरे. परंतु स्किझोफ्रेनिया भेलच्या कारखान्यातील अभियंत्याच्या घरातही येतो आणि रेल्वे वर्कशॉपमधील फिटरच्या घरातही. उद्याच्या समाजाची वाट पाहण्यास आजारी मुलाला सवड नसते.

मग करावयाचे काय? या प्रश्नाचे आम्हांस ठाऊक असलेले सर्वांत भरीव उत्तर गोव्याच्या ‘संगाथ’ या संस्थेच्या कार्यातून मिळते. तिने बिहारमधील नालंदा जिल्ह्यात सत्तरहून अधिक सरकारी माध्यमिक शाळांत एक प्रयोग केला आणि २०१८ च्या अखेरीस ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. झाशीच्या शाळा नालंदेच्या शाळांहून फार निराळ्या नाहीत, म्हणून तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. शाळांचे तीन गट पाडण्यात आले. एका गटात खास प्रशिक्षण दिलेला, पण मानसोपचारतज्ज्ञ नसलेला एक समुपदेशक प्रत्येक शाळेत नेमला. दुसऱ्यात तेच काम शाळेतील एका शिक्षकावर सोपविले. तिसऱ्यात केवळ नेहमीचा जीवनकौशल्यांचा अभ्यासक्रम ठेवला. काम साधेच होते. शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी चार शब्द बोलणे, मुलांचे भित्तिपत्रक चालविणे, तक्रारी आणि मनातल्या गोष्टी टाकण्यासाठी एक पेटी ठेवणे, आणि ज्याला बोलावयाचे आहे त्याच्याजवळ एकट्याने बसणे. आठ महिन्यांनी नववीच्या मुलांची तपासणी केली तेव्हा समुपदेशक असलेल्या शाळांत नैराश्याची लक्षणे आणि दांडगाई कमी झालेली आढळली, शाळेचे वातावरण सुधारलेले आढळले. शिक्षकावर काम सोपविलेल्या शाळांत मात्र काहीच फरक पडला नव्हता.

यात शिक्षकांचा दोष काढण्याचे कारण नाही. मतदारयाद्या, जनगणना, माध्यान्ह भोजनाचे हिशेब आणि रिकाम्या जागांचे वर्ग सांभाळणाऱ्या माणसाच्या पाठीवर आणखी एक ओझे टाकले, तर ते कोठे तरी घसरणारच. शिवाय मूल ज्याच्याकडून गुण मिळवावयाचे त्याच्यापाशी मन मोकळे करील, ही अपेक्षाही भाबडीच. तेव्हा मागणी अगदी सुस्पष्ट आहे : शाळेत स्वतंत्र, पगारी, कायम समुपदेशक हवा. नवे पुस्तक छापून किंवा शिक्षकांचे दोन दिवसांचे शिबिर घेऊन त्याची भरपाई होणार नाही.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत असा एक जाणकार नेमण्याचा निर्देश दिला. कायदा होईपर्यंत तो बंधनकारक आहे. याचे स्वागत केले पाहिजे. पण खेड्यांतील कितीतरी शाळांचा पट शंभराच्या आत असतो. त्यांनी बाहेरील तज्ज्ञांशी संपर्क ठेवावा, एवढेच निर्देशात म्हटले आहे. आता बाहेर तज्ज्ञ आहेत किती? संसदेच्या स्थायी समितीच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात लाख लोकसंख्येमागे पाऊण मानसोपचारतज्ज्ञ पडतो. असावयास हवेत तीन. त्याच वर्षी, २०२३–२४ साठी, केंद्राने मानसिक आरोग्यासाठी राखलेल्या ९१९ कोटी रुपयांपैकी ७२१ कोटी एकट्या निम्हान्सला आणि ६४ कोटी तेजपूरच्या संस्थेला मिळाले. उरलेल्या देशाच्या वाट्याला १३४ कोटी आले.

समुपदेशकाने मुलीचे दुखणे ओळखले आणि पुढे डॉक्टरच नसला, तर आपण तिला फक्त आपल्या आजाराचे नाव शिकविले असे होईल. झाशीत १९६८ पासून महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण मोठ नाहीतर मऊरानीपूरच्या पलीकडील खेड्यातून तेथवर यावयाचे म्हणजे घरातील एका माणसाची दिवसाची मजुरी बुडते, आणि औषध महिन्याच्या महिन्याला लागते.

आपल्या घरातही थोडे डोकावू या. मन खचणे हा पेटी-बूर्ज्वा दुबळेपणा आहे, कामाला लागले की सारे ठीक होते, असे मोर्चातून घरी आलेल्या कॉम्रेडने आपल्याच मुलाला सुनावल्याची उदाहरणे कमी नाहीत. अंधश्रद्धेविरुद्ध भाषण करणाऱ्याच्या घरी आत्याचे दार लोटलेलेच असते. मानसिक आजार ही लाज नव्हे, त्याला उपचार आहेत, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ते मिळविण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे, आणि मित्र मरणाची भाषा बोलू लागला तर त्याला सरळ विचारावे व विश्वासातील मोठ्या माणसाला सांगावे, अशी चार वाक्ये मुलांच्या जथ्थ्यात बोलावयास कोणत्याही शाखेला सरकारी हुकमाची गरज नाही.

झाशी असो वा सोलापूर, प्रत्येक शाखेने आपल्या भागातील शाळांत जाऊन तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : पट किती, समुपदेशक कोण, आणि जवळचा मानसोपचारतज्ज्ञ किती किलोमीटरवर. उत्तरे जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांपुढे ठेवावीत आणि शाळेच्या फाटकावरही लावावीत. दहा वर्षांत आंतरराष्ट्रीय प्रमाणाइतके मनोतज्ज्ञ उपलब्ध व्हावेत यासाठी प्रयत्न करण्याची जबाबदारी याच कायद्याच्या कलम ३१ ने शासनावर टाकलेली आहे. कायदा २०१८ साली अमलात आला. ती मुदत २०२८ मध्ये संपते.