विमानाचे दार बंद झाल्यावर घड्याळ कोणाचे?

१४ जानेवारी २०२४ रोजी गोव्याहून दिल्लीला निघालेले इंडिगोचे एक विमान धुक्यामुळे मुंबईत उतरवावे लागले. त्याला आधीच कित्येक तास उशीर झाला होता. शिडी लागताच प्रवासी खाली आले आणि विमानाशेजारीच जमिनीवर बसून जेवू लागले. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. पंगत बसली, बसस्टँड झाला, असे विनोद त्यावर भरपूर झाले. माझ्या मनात मात्र एकच गोष्ट राहिली. त्या आरामशीर म्हणवल्या जाणाऱ्या केबिनपेक्षा माणसांना रात्रीच्या थंडीतले सिमेंट बरे वाटले.

पुढे दंड झाले. विमान सुरक्षा पाहणाऱ्या ब्युरोने इंडिगोला १ कोटी २० लाख आणि मुंबई विमानतळाला ६० लाख रुपये दंड केला. डीजीसीएने विमानतळाला आणखी ३० लाख केला. हे योग्यच झाले. पण या कारवाईचा भर, विमाने उभी असतात त्या जागेत प्रवासी आलेच कसे, यावर होता. ते आत किती वेळ अडकले होते, हा प्रश्न मागे पडला. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

दार उघडत का नाहीत? वैमानिक निर्दयी असतो म्हणून नव्हे. विमान गेटवरून मागे सरकले की ते रनवेच्या रांगेत लागते, आणि रांग सोडली की नंबर जातो. सोडलेल्या गेटवर तोवर दुसरे विमान येऊन उभे असते. कोणी मधेच उतरतो म्हणाला तर त्याची बॅग विमानाच्या पोटातून शोधून काढावी लागते, कारण मालक उतरला आणि बॅग उडाली असे सुरक्षेच्या नियमांत चालत नाही. क्रूच्या ड्युटीचे तास मोजलेले असतात. आणि आणखी एक गोष्ट, जी फार थोड्यांना ठाऊक असते: विमान ‘वेळेवर निघाले’ हे ते जागेवरून हलले त्या क्षणावरून मोजतात, हवेत गेले त्यावरून नाही. म्हणजे माणसे आत भरून, दार लावून, थोडे पुढे नेऊन उभे केले तरी कागदावर उड्डाण वेळेवरच. या हिशेबात प्रवाशाच्या तहानेचा रकाना कुठेच नाही.

दोन वर्षांपूर्वी उमराहून परतताना अम्मीसोबत मी अशा बंद विमानात अडीच तास बसलो आहे. तिला डायबेटिस आहे. जेवणाची वेळ टळत चालली होती, आणि तरी तिने पाणी पिणे बंद केले होते, कारण विचारले तर म्हणाली, “टॉयलेटला जाऊ देत नाहीत, मग प्यायचं कशाला?” आजूबाजूच्या बऱ्याच वयस्क बायांनी तेच केले होते. कोकणातून आखातात कामाला जाणारे आपले भाऊ, पहिल्यांदाच विमानात बसलेले नाना-नानी, उमराचे जथे यांच्याकडे कोणाला काय विचारायचे याची माहितीही नसते आणि भाषाही नसते.

या प्रश्नावर अमेरिकेत जे घडले ते आपण समजून घेण्यासारखे आहे. जानेवारी १९९९ मध्ये डेट्रॉइटच्या बर्फात नॉर्थवेस्ट कंपनीच्या विमानांत लोक आठ तासांहून जास्त अडकले. फेब्रुवारी २००७ मध्ये न्यूयॉर्कला जेटब्लूच्या विमानांत तेच झाले. प्रत्येक वेळी कंपन्यांनी दिलगिरी व्यक्त केली, आम्हीच सुधारू असे सांगितले, आणि सरकारने ते मान्य केले. फरक पाडला तो एका प्रवासी बाईने. केट हॅनी ही कॅलिफोर्नियात घरे विकण्याचा व्यवसाय करणारी बाई डिसेंबर २००६ च्या अखेरीस ऑस्टिनच्या विमानतळावर नऊ तास विमानात अडकली. घरी पोचल्यावर तिने सहप्रवासी गोळा केले, प्रवासी हक्कांसाठी संघटना उभी केली आणि वॉशिंग्टनचे दरवाजे ठोठावत राहिली. ऑगस्ट २००९ मध्ये मिनेसोटातल्या रॉचेस्टर इथे ४७ प्रवासी रात्रभर एका छोट्या विमानात कोंडले गेले, टर्मिनल काही पावलांवर असताना. तोवर जनमत तयार होते.

२९ एप्रिल २०१० पासून तिथे नियम लागू झाला. देशांतर्गत विमान जमिनीवर उभे असेल तर तीन तासांच्या आत प्रवाशांना उतरण्याची संधी द्यायची, दोन तासांच्या आत खाणे आणि पाणी द्यायचे, शौचालय चालू ठेवायचे, गरज पडल्यास वैद्यकीय मदत द्यायची. सुरक्षेचे कारण असेल किंवा विमान परत आणल्याने विमानतळाचे काम विस्कळीत होणार असेल तर सूट. आणि मोडल्यास प्रत्येक प्रवाशामागे २७,५०० डॉलरपर्यंत दंड. ‘प्रत्येक प्रवाशामागे’ हे दोन शब्द मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. आदल्या बारा महिन्यांत तीन तासांवरची ६९३ प्रकरणे नोंदली गेली होती. नियमानंतरच्या बारा महिन्यांत ती २० झाली. हवामान बदलले नव्हते, धावपट्ट्या वाढल्या नव्हत्या. कंपन्यांचा हिशेब तेवढा बदलला होता.

याची किंमतही सांगायला हवी. दंडाच्या भीतीने कंपन्या उड्डाणे लवकर रद्द करू लागल्या, असे तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनीच पुढे नोंदवले. ज्याला बहिणीच्या निकाहला वेळेत पोचायचे आहे त्याला तीन तास बसणे परवडते, रद्द होणे नाही. तरीही मी नियमाच्या बाजूने आहे, कारण टर्मिनलमध्ये अडकलेल्या माणसाजवळ निदान पाणी, शौचालय आणि घरी परतण्याचा रस्ता असतो.

आपल्याकडे काहीच नाही असे नाही. उशीर ठरावीक तासांपलीकडे गेला तर खाणेपिणे, सहा तासांवर गेला तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा, अशी तरतूद डीजीसीएच्या नियमांत आहे. मुंबईच्या प्रकारानंतर, मार्च २०२४ मध्ये, सुरक्षा ब्युरोने विमानात बराच काळ अडकलेल्या प्रवाशांना प्रस्थानाच्या दाराने परत बाहेर पडू देण्याची वाटही मोकळी केली. पण वाट असणे आणि ती ठरल्या वेळी उघडलीच पाहिजे, नाहीतर दरडोई दंड, असे बंधन असणे यात अंतर आहे. मला हे बंधन हवे आहे. व्हिडिओ देशभर फिरल्यावर झालेला दंड पुढच्या विमानातल्या म्हाताऱ्या माणसाच्या कामाचा नाही.

आता आपल्यापुरते. बंद केबिनमध्ये उभे राहून “पाणी कधी मिळणार?” असे मोठ्याने विचारायला दाढीवाला तरुण किंवा हिजाबमधली मुलगी कचरते, हे मी पाहिले आहे आणि ते अनाठायी नाही. १ जानेवारी २००९ ला वॉशिंग्टनहून निघणाऱ्या एका विमानातून नऊ मुस्लिम प्रवाशांना उतरवले गेले. विमानात सुरक्षित जागा कोणती, एवढेच त्यांतले काही जण बोलले होते. एफबीआयने त्यांना निर्दोष ठरवले, कंपनीने माफी मागितली, पण विमान गेले ते गेले. म्हणून आपल्या मुलांना गप्प बसायला शिकवायचे? मला ते मान्य नाही. नियम नेमका काय आहे ते माहीत असणे जास्त उपयोगाचे. भारतात २०१७ पासून बेशिस्त प्रवाशांचे तीन स्तर आहेत: शिवीगाळ, धमकीचे हावभाव किंवा दारू पिऊन धिंगाणा केल्यास तीन महिन्यांपर्यंत बंदी, मारहाणीला सहा महिन्यांपर्यंत, जिवाला धोका होईल अशा वागण्याला किमान दोन वर्षे. निर्णय देणाऱ्या समितीचा अध्यक्ष निवृत्त जिल्हा न्यायाधीश असतो. नम्रपणे पाणी मागणे यातल्या कुठल्याही स्तरात बसत नाही. त्याच जानेवारीत दिल्लीत उशिराची घोषणा करणाऱ्या वैमानिकाला एकाने मारले. ते मात्र बसते, आणि बसलेच पाहिजे. ज्याच्या हातात काही नव्हते त्यालाच त्याने मारले.

तेव्हा दार बंद झाले ती वेळ फोनवर लिहून ठेवा. पाणी केव्हा मागितले, केव्हा मिळाले, काय घोषणा झाली तेही लिहा. शेजारच्या दोन-तीन प्रवाशांचे नंबर घ्या. ते कोणत्या धर्माचे आहेत याने काही फरक पडत नाही, तहान सगळ्यांना सारखीच लागलेली असते. बोर्डिंग पास टाकू नका. घरी आल्यावर एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथेही काही हलले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते, मुंबई-दिल्लीला खेपा घालाव्या लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

डीजीसीए नियमांत बदल करताना मसुदा वेबसाइटवर टाकते आणि लोकांच्या हरकती-सूचना मागवते. त्या पत्रव्यवहारात कंपन्यांचे वकील दरवेळी हजर असतात. पुढच्या मसुद्याच्या वेळी रत्नागिरी, मालेगाव, औरंगाबाद, मिरजेतून किती पत्रे जातात ते बघू. आमच्या टीमने एक कच्चे पत्र मराठीत आणि इंग्रजीत तयार करायला घेतले आहे. ज्यांनी असे तास विमानात काढले आहेत त्यांनी तारीख, वेळ आणि काय घडले तेवढे आम्हाला लिहून पाठवावे.