मृतांचे ऋण आणि जिवंतांचे कर्तव्य

हिजरी पंचांगातील शाबान महिन्याच्या पंधराव्या रात्रीस मुसलमान बांधव शबे-बरात म्हणतात. महिन्याचा आरंभ चंद्रदर्शनाने होत असल्यामुळे ही रात्र पौर्णिमेच्या आगेमागेच येते. त्या चांदण्यात लोक कब्रस्तानात जातात, आईबापांच्या कबरींवर फुले वाहतात, फातेहा पढतात आणि गेलेल्यांच्या अपराधांची क्षमा ईश्वराजवळ मागतात. घरोघर हलवा होतो, दारी आलेल्या गरिबास दान मिळते, आणि दुसऱ्या दिवशी कित्येकजण उपवास धरतात. पैगंबर या रात्री मदीनेतील बकी कब्रस्तानात मृतांसाठी प्रार्थना करण्यास गेले होते, अशी परंपरा सांगितली जाते. तिच्या प्रामाण्याविषयी आणि या रात्रीच्या विशेष विधींविषयी मौलवींत मतभेद आहेत. परंतु मृतांसाठी क्षमा मागावी, याविषयी त्यांच्यात दुमत नाही.

‘बरात’ हा शब्द आम्हा मराठी माणसांस सर्वस्वी परका नव्हे. जुन्या मराठी कागदपत्रांत ‘वरात’ म्हणजे सरकारी वसुलावर काढलेली पैशाची चिठ्ठी. लग्नाच्या वरातीशी तिचा संबंध नाही. ती फारसी ‘बरात’वरून आली. वर्षाची रोजी आणि आयुष्याचा हिशेब या रात्री लिहिला जातो ही लोकसमजूत या अर्थाशी जुळते. अरबीत त्याच शब्दाचा अर्थ मुक्तता, दोषातून सुटका असा होतो. जो स्वतः काही मागू शकत नाही, त्याच्या सुटकेसाठी मागे राहिलेल्याने हात पसरावेत, हे या रात्रीचे मर्म होय.

हे मर्म आपणांस कोणी समजावून सांगावयास हवे काय? भाद्रपदाच्या वद्य पक्षात आपण पितरांस पान वाढतो. नागपूर-वऱ्हाडाकडे अक्षय्य तृतीयेस त्यांच्या नावाने पाण्याची घागर भरली जाते. तर्पण करणारा आपल्या तीन पिढ्यांवर थांबत नाही. ज्यांचे नाव घेणारे कोणी उरले नाही, त्यांच्यासाठीही तो ओंजळभर पाणी सोडतो. कब्रस्तानात शिरणारा मुसलमानही तेथील सर्वच कबरवासीयांस सलाम करतो. विधी भिन्न, श्रद्धा भिन्न. ऋणाची जाणीव मात्र दोहींकडे सारखीच.

हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे शबे-बरात ऋतूंतून फिरत राहते, आणि बत्तीस-तेहतीस वर्षांच्या एका फेऱ्यात दोन-तीन वर्षेच ती पितृपक्षाच्या तोंडाशी येते. २००६ साल त्यांपैकीच एक होते. त्या वर्षी ८ सप्टेंबरला, शुक्रवारी, आपल्याकडे पितृपक्षाची प्रतिपदा होती आणि मुसलमानांकडे शबे-बरात. एकाच दिवशी दोन्ही समाजांनी आपापल्या मृतांचे स्मरण आरंभिले होते. त्याच दिवशी नाशिक जिल्ह्यातील मालेगावात बडा कब्रस्तान, त्यातील हमीदिया मशीद आणि मुशावरत चौक या ठिकाणी जुम्म्याच्या नमाजानंतर बाँबस्फोट झाले. तीसांहून अधिक माणसे मेली, शंभराहून अधिक जखमी झाली. मृतांत लहान मुलेही होती. जे गेलेल्यांसाठी दुवा मागावयास आले होते, त्यांच्याचसाठी दुवा मागण्याची वेळ त्यांच्या घरच्यांवर आली. प्रार्थनेस उभ्या असलेल्या माणसाइतका निःशस्त्र माणूस जगात दुसरा नाही. त्याच्यावर हात उगारणारा कोणत्या धर्माचे नाव घेतो, हा प्रश्नच गौण आहे. त्याला धर्म ठाऊक नाही, एवढे पुरे.

पुढे जे घडले तेही विसरता येत नाही. या स्फोटांच्या आरोपावरून नऊ मुसलमानांस धरण्यात आले. २०११ साली तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला, आणि २५ एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांस आरोपमुक्त केले. नवांपैकी एकजण तोवर जग सोडून गेला होता. मुक्ततेच्या रात्रीशी निगडित असलेल्या या खटल्यात माणसांच्या मुक्ततेस जवळजवळ दहा वर्षे लागली! आरोपीस विनाकारण झिजविणारा विलंब मृतांसही न्याय देत नाही. गेलेल्यांसाठी प्रार्थना त्यांचे आप्त करतील. त्यांच्या मृत्यूचा खरा छडा लावणे हे मात्र राज्याचे ऋण आहे, आणि ते कोणत्याही हलव्याने वा पिंडाने फिटत नाही.

रामाकोना, सौंसर, पांढुर्णा येथील आमच्या वाचकांस मालेगाव दूरचे वाटेल. परंतु अशा रात्रींचे रक्षण केवळ पोलिसांच्या पहाऱ्याने होत नाही. ते शेजाऱ्याच्या वर्तनाने होते. आपल्या पंचक्रोशीत जेथे कब्रस्तान असेल, तेथील वाटेवरचे काटेकुटे त्या रात्रीपूर्वी काढले जावेत, वाटेवर दिवा असावा, आणि त्या वाटेने जाणाऱ्यांकडे कोणी संशयाने पाहू नये. स्मशानाच्या वाटेविषयी मुसलमान शेजाऱ्यांनीही हीच काळजी वाहावी. ग्रामपंचायतीने ही कामे मागणीची वाट न पाहता करावीत; त्यांस पैसा थोडा लागतो, अगत्य अधिक लागते. ज्या गावात मृतांची वाट निर्भय असते, त्या गावात जिवंतांसही भय उरत नाही.