दप्तर कोणाचे, गाडी कोणाची?

दहा-बारा वर्षे इमानाने चाललेली मोटार लहानशा वहीएवढ्या एका पेटीपायी भंगारात जाते, आणि आपण सुशिक्षित म्हणवणारी माणसे ते ‘काळाचा महिमा’ म्हणून निमूटपणे सोसतो, ही गोष्ट आम्हांस लाजिरवाणी वाटते. या पेटीस कारागीर ‘ईसीएम’ म्हणतात. इंजिनाचा कारभार पाहणारा तो संगणक होय. तो बिघडणे हा यंत्राचा दोष झाला; परंतु बिघडल्यावर तो बदलता येऊ नये, ही माणसांनी केलेली व्यवस्था आहे. आमचे भांडण या व्यवस्थेशी आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. कुर्ल्यात तयार झालेल्या पद्मिनीच्या काळी इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण कार्बोरेटर करीत असे. ते निव्वळ यांत्रिक उपकरण. जेट उघडून फुंकर मारणारा कारागीर गावोगावी सापडे. २००० साली प्रदूषणाचे नवे नियम आले आणि त्याच सुमारास मारुती ८०० सारख्या सामान्य माणसाच्या गाडीतही इंजेक्शनचे इंजिन बसले. पुढे नियम अधिक कडक होत गेले. २०१७ पासून भारत स्टेज-४ आणि २०२० पासून भारत स्टेज-६ देशभर लागू झाले. हवेचा दाब, पाण्याचे तापमान, क्रँकची गती, धुरातील प्राणवायू यांची खबर सेन्सर देतात आणि कोणत्या क्षणी किती पेट्रोल सोडावे, ठिणगी केव्हा पाडावी, हे ईसीएम ठरवते. यामुळे धूर घटला, इंधन वाचले. आम्ही या सुधारणेचे विरोधक नाही, हे आरंभीच नमूद करतो.

मात्र ईसीएम हीही शेवटी सोल्डरने जोडलेल्या सुट्या भागांची पाटीच आहे. तिच्यातील कपॅसिटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकतात, हादऱ्यांनी जोड तडकतात, ओलाव्याने पिना गंजतात. इग्निशन कॉइल शॉर्ट झाली तर तिला चालवणारा ट्रान्झिस्टर जळतो. आमच्या अफजलपुरात तर या सर्व शत्रूंचा मेळाच भरतो. उन्हाळा कसा असतो हे वाचकांस सांगणे नलगे, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला आलेला पूरही कोणी विसरलेले नाही. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन धुऊन-पुसून चालू होईलही. पेटीत शिरलेला ओलावा मात्र कधीकधी काही महिन्यांनी आपले काम करतो.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगितली पाहिजे. गाडी सुरू होईना की ‘ईसीएम गेला’ असे सांगण्याची एक सोयीस्कर रीत पडली आहे. वस्तुतः बॅटरीचा दाब, फ्यूज, रिले, अर्थिंगची तार, वायरिंग आणि क्रँकचा सेन्सर ही सारी तपासून झाल्यावरच पेटीवर संशय घ्यावा. गंजलेली एक अर्थिंगची तार संगणकाला वेड लावू शकते. शिवाय मूळ दोष न काढता नवी पेटी बसवली तर तीही जळण्याची भीती असते. गाडीला वेल्डिंग करताना बॅटरी व ईसीएम सोडवून न ठेवणे, हाही पेटी जाण्याचा एक मार्ग आहे. एवढी काळजी घेऊनही पेटीच दोषी ठरली, तर ती बदलणे किंवा दुरुस्त करणे प्राप्त होते. खरी अडचण येथून पुढे आहे.

त्याच क्रमांकाची दुसरी पेटी आणून बसवली तरी गाडी चालू होईलच असे नाही. किल्लीत एक चिप असते, गाडीत चोरीविरोधी इम्मोबिलायझर असतो आणि ईसीएम या दोघांना ओळखतो. नवी पेटी आली की ती मालकाच्या किल्लीलाच परकी समजते. स्टार्टर फिरतो, इंजिन पेटत नाही. ही ओळख पुन्हा पटवून देण्याचे काम स्कॅनर आणि सांकेतिक क्रमांक यांनी काही वेळात होते. परंतु ते क्रमांक आणि ती प्रणाली कंपनीच्या कपाटात. मोठ्या शहरांतील काही हुशार कारागीर जुन्या पेटीच्या स्मृतीतील मजकूर वाचून दुसरीत उतरवतात; पण ही विद्या त्यांना चोरवाटेने मिळवावी लागते.

आमच्या परिचयातील एका घरची हकीकत सांगतो. मुले बेंगळुरू आणि परदेशात. घरी पती-पत्नी दोघेच, दोघेही सत्तरी ओलांडलेली. बाईंच्या उपचारांसाठी वरचेवर सोलापूरची वारी. बारा वर्षांची गाडी एके दिवशी बंद पडली. शहरातील एका सर्व्हिस केंद्रात सांगितले गेले की ईसीएम बदलावा लागेल, तो सध्या मिळत नाही, मिळाला तरी गाडीच्या बाजारभावाच्या निम्मा खर्च येईल. त्यापेक्षा नवी घ्या. गाडी कवडीमोलाने गेली. पुढे घेणाऱ्याने दुसऱ्या गाडीची पेटी मिळवली, मजकूर उतरवून घेतला, आणि तीच गाडी पुन्हा रस्त्यावर धावू लागली! म्हणजे उपाय होता. मालकापाशी तो पोहोचू दिला गेला नाही, इतकेच. दरम्यान ते दाम्पत्य महिनोन् महिने एस.टी.च्या वेळापत्रकावर दवाखान्याच्या तारखा बसवत होते.

आमची हयात राज्य सरकारच्या सेवेत गेली, म्हणून एक तुलना सुचते. आपल्यापैकी कित्येक घरांत एके काळी गावचे दप्तर होते. जमीन शेतकऱ्याची, पण तिची नोंद दप्तरदाराच्या बस्त्यात. बस्ता उघडायचा की नाही हे त्याच्या मर्जीवर. या मर्जीने किती अन्याय झाले हे आपण कबूल केले पाहिजे. २००० च्या सुमारास कर्नाटक सरकारने ‘भूमी’ योजनेखाली सुमारे दोन कोटी नोंदी संगणकावर घेतल्या आणि तालुका कचेरीच्या खिडकीवर १५ रुपये भरून कोणत्याही शेतकऱ्यास पहाणीचा उतारा मिळू लागला. चुका तेथेही झाल्या. पण अर्ज करून त्या दुरुस्त करण्याची वाट राहिली. संगणक आला आणि बस्ता उघडला. मोटारीच्या बाबतीत मात्र संगणक आला आणि उघडा असलेला बस्ता बंद झाला. आज मोटार कंपनी हीच नवी दप्तरदार आहे.

कंपन्यांची बाजूही ऐकू. माहिती खुली केली तर चोऱ्या वाढतील, प्रदूषणाची मर्यादा मोडली जाईल, अकुशल हातांनी अपघात होतील, आणि ती माहिती ही आमची बौद्धिक मालमत्ता आहे, असे त्या म्हणतात. चोरीची भीती खरी, म्हणून आर.सी. पाहून, नोंद ठेवून सांकेतिक क्रमांक द्यावेत. बँक लॉकरची किल्ली हरवली तर ओळख पटवून लॉकर उघडून देते, लॉकरसकट दागिने भंगारात टाका असे सांगत नाही. प्रदूषण धुराड्यावर मोजता येते, त्यासाठी पीयूसी आहे. अकुशलतेवर उपाय शिक्षण हा आहे, कुलूप नव्हे.

हे आमचेच म्हणणे आहे असेही नाही. एका नागरिकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०११ साली हे प्रकरण हाती घेतले आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात उपलब्ध करा, बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने हमी रद्द करू नका, असे आयोगाने बजावले. सुरक्षिततेची आणि बौद्धिक मालमत्तेची सबब मान्य केली नाही. पुढे अपिले झाली, दंडाचा वाद लांबला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मतदारांनी कौल देऊन मोटारदुरुस्तीच्या हक्काचा कायदा करून घेतला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल उघडले. पाऊल योग्य दिशेने पडले. परंतु पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

विसंगती पाहा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. गाडी योग्य ठरली तर पुढे पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. सरकार म्हणते, शुल्क भरा आणि गाडी चालवा; कंपनी म्हणते, पेटी मिळणार नाही. सरकारने आयुष्य वाढवून द्यायचे आणि कंपनीने औषध नाकारायचे, हा कोणता न्याय?

आमच्या मागण्या तीनच आहेत. ज्या मुदतीपर्यंत सरकार नोंदणी देते, त्या मुदतीपर्यंत ईसीएम किंवा त्याचा पर्याय वाजवी दरात पुरवणे कंपनीवर बंधनकारक असावे. किल्ली व ईसीएम यांचे सांकेतिक क्रमांक गाडीच्या खरेदीबरोबरच मालकाच्या हाती द्यावेत. आणि तालुक्याच्या आय.टी.आय.मध्ये ईसीएम दुरुस्तीचे शिक्षण द्यावे. कन्नड, मराठी आणि दखनी एका दमात बोलणारी आमच्या बाजारातली गॅरेजची पोरे बुद्धीने कोणालाही हार जाणारी नाहीत. त्यांना पुस्तक आणि स्कॅनर मिळाला पाहिजे.

आणि वाचकहो, एक शब्द आपल्यासाठीही. पिढ्यान् पिढ्या या मातीत राहून आपण अर्ज लिहिण्याची कला टिकवली आहे. ती केवळ वारसानोंदीपुरती का ठेवावी? गाडी घेताना क्रमांकांची मागणी लेखी करा, नकार मिळाला तर तोही लेखी मागा, दुरुस्ती नाकारली गेल्यास जिल्हा ग्राहक आयोगाची पायरी चढा. परदेशातून नव्या गाडीसाठी पैसे पाठवू पाहणाऱ्या मुलांना सांगा की आम्हांला नवी गाडी नको, जुनीची पेटी हवी आहे. जी वस्तू आपल्या नावावर आहे, ती दुरुस्त करण्याचा हक्कही आपल्याच नावावर असला पाहिजे.