पाचव्या दिवसाची परीक्षा

पुण्यानजीक गहुंजे येथील मैदानावर २०१७, २०१९ व २०२४ या वर्षी तीन कसोटी सामने झाले. परंतु त्यांपैकी एकानेही पाचवा दिवस पाहिला नाही. वळणारी खेळपट्टी यजमानांना धार्जिणी असते, असा आपल्याकडे एक दृढ समज आहे. त्याचे फळ पुणेकरांनी डोळ्यांनी पाहिले. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ओकीफ यांनी बारा गडी टिपले, भारताचे डाव १०५ व १०७ धावांत कोसळले आणि ३३३ धावांनी पराभव पदरी आला. वर आंतरराष्ट्रीय परिषदेने खेळपट्टीवर 'निकृष्ट' असा शिक्का मारला. २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या सँटनर यांनी तेरा गडी बाद करून तोच धडा पुन्हा शिकविला. याउलट २०१९ मध्ये भारताने पाच बाद ६०१ धावांवर डाव घोषित केला, दक्षिण आफ्रिकेवर फॉलोऑन लादला आणि डावाने विजय मिळविला. फलंदाजालाही न्याय देणाऱ्या खेळपट्टीवरच यश लाभले, हे ध्यानात घ्यावयास हवे.

विजय माळ्याच्या खुरप्याने नव्हे, कर्णधाराच्या बुद्धीने घडवावयाचा असतो, असे आमचे मत आहे. त्या बुद्धीची खरी परीक्षा पाचव्या दिवशीच होते. त्या दिवशी हिशेब तीन गोष्टींचा असतो : धावा, गडी आणि वेळ. पैकी वेळ ही सर्वांत दुर्लक्षित, आणि गेल्यावर कधीही परत न येणारी.

फेब्रुवारी १९४९ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर वेस्ट इंडीजविरुद्ध भारतास ३६१ धावा करावयाच्या होत्या. सांगलीचे विजय हजारे यांनी १२२ धावा केल्या; कोल्हापूरचे दत्तू फडकर अखेरपर्यंत झुंजत राहिले. मालिकेत आघाडीवर असलेल्या पाहुण्यांनी संथपणे षटके टाकून वेळ काढला. आठ बाद ३५५ धावा झाल्या असता, षटकातील एक चेंडू शिल्लक असतानाच पंचांनी खेळ संपविला. सहा धावांनी हुकलेल्या त्या विजयाची हळहळ जुन्या पिढीने जन्मभर बाळगली. परंतु हळहळीपेक्षा बोध मोठा आहे. प्रतिपक्ष वेळ काढणार हे गृहीत धरून सकाळच्या पहिल्या तासापासूनच धावांचा हिशेब मांडावा लागतो. आज अखेरच्या तासात किमान पंधरा षटके टाकण्याचे बंधन आहे, तरीही हा हिशेब चुकलेला नाही.

त्याच मैदानावर १९६४ च्या विजयादशमीस दुसरे चित्र दिसले. ऑस्ट्रेलियाविरुद्ध २५४ धावा हव्या असताना भारताचे सहा गडी १२२ धावांतच परतले होते. परंतु मांजरेकर व पुण्याचे चंदू बोर्डे यांच्यासारखे कसलेले फलंदाज अद्याप मागे होते. पतौडी व मांजरेकर यांनी डाव सावरला आणि बोर्डे यांनी नाबाद ३० धावा करून सीमोल्लंघन घडविले. शेपटात बळ राखले तरच डोक्याने धाडस करावे, हा त्या दिवसाचा धडा होय.

गोलंदाजी करणाऱ्या पक्षाचे शास्त्रही असेच आहे. डाव फार लवकर घोषित केला तर पराभवाची भीती, फार उशिरा केला तर गडी बाद करण्यास वेळ उरत नाही. २०२१ मध्ये लॉर्ड्सवर भारताने साठ षटकांत २७२ धावांचे आव्हान दिले. धावांचे थोडे आमिष आणि पळण्यास थोडी वाट ठेवल्यावाचून सावज जाळ्यात येत नाही. इंग्लंडचा डाव १२० धावांत आटोपला.

तथापि सर्वांत बोलके उदाहरण जानेवारी २०२१ चे ब्रिस्बेन येथील आहे. सामना अनिर्णित राहिला असता तरी बॉर्डर-गावसकर चषक भारताकडेच राहणार होता. अखेरच्या दिवशी ३२४ धावा हव्या होत्या आणि प्रमुख गोलंदाज दुखापतीमुळे बाहेर होते. अशा वेळी बरोबरीवर समाधान मानले असते, तर अजिंक्य रहाणे यांना कोणी दोष दिला नसता. पण पुजारा यांनी २११ चेंडू खेळून एक बाजू लावून धरली आणि दुसऱ्या बाजूने धावांची वाट मोकळी केली. रहाणे बाद होताच पंत यांना वरच्या क्रमांकावर धाडण्यात आले, आणि तीन षटके राखून विजय हाती आला. पुजारांचा संयम नसता तर पंतांचे साहस हे केवळ उतावीळपण ठरले असते. संयम आणि साहस हे परस्परांचे शत्रू नव्हेत. त्यांचा क्रम मात्र चुकता कामा नये.

पराभवाची शक्यता पत्करल्यावाचून अखेरच्या दिवशी विजय मिळत नाही. जो कर्णधार ही किंमत देण्यास कचरतो, तो बहुधा खेळपट्टीकडून उसना विजय मागतो. आणि उसनवारीचे व्याज किती भरावे लागते, हे गहुंजेने दोनदा दाखविले आहे. म्हणून महाराष्ट्राच्या क्रिकेट संघटनेस आमचे सांगणे एवढेच, की पाच दिवस टिकणारी खेळपट्टी पुणेकरांना द्यावी. मग शेवटच्या दिवशी विजय मिळो वा न मिळो, तो मागण्याचे धैर्य कोणात होते, हे तरी लोकांना दिसेल.