स्वस्तात प्रवास कुणाला पडतो?

‘हॉटेलात कशाला उतरता? जबलपूरला धर्मशाळा पुष्कळ आहेत, स्वस्त पडतं.’ निघण्यापूर्वी विभागातल्या एका मैत्रिणीने हा सल्ला दिला. तिचा हेतू चांगलाच होता. ती स्वतः तिथे राहून आली होती, तिच्या समाजाच्या धर्मशाळेत.

आम्ही सहा जण, सगळे संशोधक विद्यार्थी, आपापल्या घरातले पहिले पदवीधर. जबलपूरला दोन दिवसांचं चर्चासत्र होतं. फेलोशिप रखडलेली, म्हणून राहण्यासाठी माणशी रात्रीचे २५० रुपये ठरवले. आमच्यातली एक मैत्रीण गोंड. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जाताना ती सगळ्या वाटेने सांगत होती, की हे आमच्या राजांचं शहर. गोंड राजवटीचा मदनमहाल किल्ला, राणी दुर्गावतीच्या नावाचं विद्यापीठ, १८ सप्टेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिलेले राजा शंकरशाह आणि त्यांचा मुलगा रघुनाथशाह.

दुपारी पोहोचलो. पहिल्याच धर्मशाळेत व्यवस्थापकाने तिलाच विचारलं, ‘कौन समाज से हैं?’ तिने आमच्या विद्यापीठाचं नाव सांगितलं. ‘वो नहीं, समाज.’ मग आधार कार्डं मागितली, आडनावं वाचली, कार्डं परत केली. ‘जगह नहीं है.’ आम्ही बॅगा उचलत होतो तोवर मागून आलेल्या कुटुंबाला खोलीची किल्ली मिळाली. दुसऱ्या धर्मशाळेत प्रश्न तोच आणि उत्तरही तेच. मग आमच्यातला एक जण म्हणाला, ‘आता आडनाव सांगूच नका.’ पण आधार कार्डावर अर्धं नाव छापत नाहीत.

शेवटी एका लॉजवर माणशी ७०० रुपये मोजले. सहा जणांचे दोन रात्रींचे मिळून ५,४०० रुपये जास्तीचे गेले.

कुणी म्हणेल, त्या कुटुंबाने खोली आधीच सांगून ठेवली असेल. असेलही. पण आज जात बहुतेकदा अशीच समोर येते. शिवी नाही, पाटी नाही, नुसतं ‘जागा नाही’. १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना हे शब्द स्पष्ट लिहिले आहेत. अस्पृश्यतेच्या कारणावरून तिथे मज्जाव करणं गुन्हा आहे. संविधानाच्या कलम १५(२)मध्ये हॉटेलं आहेत, उपाहारगृहं आहेत. पण ‘जागा नाही’ या दोन शब्दांविरुद्ध पुरावा कुठून आणायचा? आणि सकाळी दहाला पेपर वाचायचा असताना पोलीस ठाण्यात कोण बसणार?

त्या रात्री मला १९३४ची एक सहल आठवत राहिली. बाबासाहेब आणि चळवळीतले सहकारी असे सुमारे तीस जण वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. अस्पृश्य प्रवाशाला वाटेत काय सोसावं लागतं हे ठाऊक असल्याने त्यांनी कार्यक्रम मुद्दाम जाहीर केला नव्हता. तरी दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून तळं बाटवल्याचा ओरडा झाला. पुढे किल्ला पाहिला, तो पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, हत्यारबंद शिपाई सोबत घेऊन. बाबासाहेबांनी हे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहिलं आहे. तेव्हा ते बॅरिस्टर होते, डॉक्टरेट मिळवलेले होते. पदवीने आडनाव पुसलं जात नाही, हे त्यांनी आपल्याआधी अनुभवलं.

म्हणून ‘बजेटमध्ये फिरा’ या सल्ल्याची मला चीड येते. स्वस्त धर्मशाळा म्हणजे एखाद्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जमवलेलं भांडवल असतं. ज्यांचे आजोबा गावकुसाबाहेर राहिले, त्यांनी शहरोशहरी भवनं कधी बांधायची? ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांना प्रवास स्वस्त पडतो, आणि ज्यांची फेलोशिप रखडली आहे ते पूर्ण भाडं भरतात. मी याला जातीचा कर म्हणते. त्याची पावती मात्र मिळत नाही.

त्याच दौलताबादच्या प्रसंगातली आणखी एक गोष्ट आपण विसरतो. बाबासाहेबांनी मुक्कामाच्या ठिकाणच्या आपल्या माणसांना आधी कळवलं होतं. गावाच्या तोंडाशी लोक चहा-फराळाची तयारी करून वाट पाहत होते.

चर्चासत्राच्या दुसऱ्या दिवशी ओळखीच्या ओळखीतून एका काकांनी चहाला बोलावलं. खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, मूळचे भंडाऱ्याकडचे. आमची हकीकत ऐकून ते रागावले, पण आमच्यावर. ‘अगं पोरी, आधी एक फोन करायचा ना! विहारात हॉल आहे, माझं घर आहे.’

तक्रारी केल्याच पाहिजेत. धर्मशाळांनी रिकाम्या खोल्या आणि दर दारावर लिहावेत, ही मागणीही लावून धरली पाहिजे. पण तोपर्यंत नोकरीसाठी, परीक्षेसाठी, मुलाखतीसाठी आपली पोरं अनोळखी शहरांत उतरतच राहणार. तुम्ही ज्या शहरात आहात, तिथला विहार, वसतिगृह, एखादं घर, एवढी यादी प्रत्येकाने केली तरी पुढच्या पोरांना आडनाव लपवावं लागणार नाही. आमच्या सहा जणांच्या वहीत जबलपूरचा पत्ता लिहून झाला आहे.

जय भीम, जय सेवा.