पाटीवरचं चित्र पुसू नका



आवणीच्या आधी वनहक्काच्या दाव्यांसाठी आम्ही पाड्यापाड्यांत फिरत होतो. एका पाड्यावर समितीची माणसं अंगणात गेरूने गावाचा नकाशा काढत बसली होती. कुणाचं वावर कुणाला लागून आहे यावर दोन म्हातारे वादाला आले. तेवढ्यात शेरडांमागे फिरणारी सात-आठ वर्षांची एक पोर पुढे आली. काडी घेतली, आधी ओढा काढला, ओढ्यावरचं उंबर काढलं, आणि तिथून ओळीने पाच वावरं दाखवली. म्हातारे गप झाले. ती म्हणते तसंच आहे, असं दोघांनी मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या शाळेत गेलो. पोर दुसरीत आहे. तिने पाटीवर वावर काढलं होतं, वावराला कूड, आणि कुडाबाहेर काठी घेतलेला माणूस. तो माणूस कोण हे आपल्यापैकी कुणाला सांगायची गरज नाही. गुरुजी आले आणि म्हणाले, "चित्रकला शनिवारी. आधी मुळाक्षरं गिरव." ओल्या फडक्याने पाटी पुसली. वर आम्हालाच सांगायला लागले, हिला दोन वर्षांत अक्षरओळख नाही, घरी कुणी लक्ष देत नाही.

गुरुजी वाईट माणूस नाहीत. एकटे चार वर्ग सांभाळतात. साहेब तपासणीला आला की मुळाक्षरं किती झाली तेच विचारतो, पोराला काय सांगायचंय ते कोण विचारतो? पण त्या पाटीवर काय पुसलं गेलं, हे समजून घेतलं पाहिजे.

लहान पोर आधी नुसत्या रेघोट्या मारतं. मग गोल जमतो. गोलाला डोळे येतात, पाय येतात, आणि एक दिवस ते म्हणतं, "हा माझा बा." तिथेच खरं शिक्षण सुरू झालं. जमिनीवरची एक खूण दुसऱ्या कशाची तरी आठवण देते, आणि ती दुसऱ्यालाही कळते, हे त्याला उमगलं. अक्षर म्हणजे तरी दुसरं काय? हाताचं म्हणाल तर गोल, उभी रेघ, तिरकी रेघ, आकडा हे सगळं चित्रात येतंच. गोल आणि उभी रेघ जमली की 'व' जमला. पोटात एक रेघ मारली की 'ब'.

म्हणून गुरुजींनी करायचं एवढंच होतं. विचारायचं, "काय काढलंस? सांग." पोर जे बोलेल ते तिच्याच बोलीत, तिच्याच शब्दांत चित्राखाली लिहायचं. बोट ठेवून वाचून दाखवायचं. मग तिला वाचायला लावायचं. "आमचा रेडा पाण्यात बसलाय" हे वाक्य पोर विसरत नाही, कारण ते तिचंच आहे आणि रेडाही तिचाच आहे. त्यातून 'रे' आणि 'डा' वेगळे काढा, 'पा' काढा, दुसऱ्या शब्दांत शोधायला लावा. फळ्यावरचा अननस आणि यज्ञ आमच्या पोरांनी कधी बघितलेले नाहीत. पुस्तकात लावणी असते, आपण आवणी म्हणतो. तक्त्यावर छत्री असते, पोरं इरलं काढतात. पोराने 'इरलं' म्हटलं की चुकलं म्हणतात! पोर बरोबर असतं, तक्ता दुसऱ्याच्या गावचा असतो.

काही आईबाप म्हणतात, चित्रंच काढायची तर शाळा कशाला, ती तर बाया लग्नात भिंतीवर काढतातच. हा राग खोटा नाही. आमच्याबरोबर पहिलीत बसलेली किती तरी पोरं चौथीच्या आत गळाली, आज वीटभट्टीवर आहेत. खडू हातात देऊन गुरुजी बाहेर जाऊन बसले तर त्याला आम्हीही शिक्षण म्हणणार नाही. चित्राखाली अक्षर आलंच पाहिजे. आपल्या आज्यांनी, बापांनी न वाचता किती कागदांवर अंगठे दिले आणि त्यात काय काय गेलं, हे एकसाली प्लॉटवाल्यांना विचारा.

आणि एक गंमत बघा. २६ जानेवारीला पाहुणे आले की हीच शाळा पोरांकडून तारप्याचा नाच काढून घेते, पाहुणे फोटो काढतात. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशांचं नाव भाषणात घेतात. दुसऱ्या दिवशी पाटी पुसायचं फडकं पुन्हा ओलं.

असं नाही की आपल्या भागात कुणी वेगळं करून बघितलं नाही. १९४५ साली, ज्या वर्षी वारल्यांनी वेठीला नाही म्हटलं, त्याच वर्षी ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं. पुढे त्या आणि अनुताई वाघ कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. अंगणात शाळा भरवली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा नेली, बिया, पानं, खडे घेऊन शिकवलं. डहाणू तालुक्यातच हे झालं, कुठे परदेशात नाही.

आता कायदाही आहे. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. शक्य असेल तिथवर पोराच्या मातृभाषेत शिकवावं, असं त्यात लिहिलंय. घटनेच्या ३५० क कलमातही प्राथमिक शाळेत मातृभाषेची सोय करायला सांगितलंय. शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन जण आईबाप पाहिजेत आणि निम्म्या बाया पाहिजेत. बऱ्याच पाड्यांत ही समिती कागदावरच आहे, सह्या कुणाच्या आहेत ते आईबापांनाच माहीत नाही. पुढच्या ग्रामसभेत वनहक्क समितीच्या विषयानंतर हा विषय घ्या. समितीत कोण आहे त्याची यादी मागा, मोठ्याने वाचून घ्या. पहिली-दुसरीला रोज एक तास चित्र आणि चित्राखाली पोराचं वाक्य, असा ठराव लिहून गुरुजींना द्या. गेरू आणि तांदळाचं पीठ आपण देऊ, पैसे कुणाकडे मागायचे नाहीत.

ज्या पाड्यांत नकाशे अजून व्हायचेत, तिथे नकाशाच्या दिवशी शेरडं राखणाऱ्या पोरांना घरी थांबवा. आम्ही पाट्या घेऊन येतो.