पंधरापैकी नऊ

गेल्या महिन्यात आमच्या घरात पुन्हा परीक्षेचे दिवस आले. भाचीला रोज गावाहून यवतमाळला कॉलेजला जायचे आहे आणि एस.टी.ची वेळ काही जुळत नाही. घरात मोटारसायकल आहेच, म्हणून तिने गिअरच्या दुचाकीच्या शिकाऊ परवान्याचा अर्ज भरला. परवान्याचे 150 रुपये आणि परीक्षेचे 50.

प्रश्न 15, त्यांपैकी 9 बरोबर हवेत. तिचे 7 आले.

घरात थोडी थट्टा झाली. पण चुकलेले प्रश्न तिने आठवून सांगितले तेव्हा आम्ही गप्प झालो. मुलगी दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली. 'पादचारी', 'अनिवार्य', 'मानवरहित रेल्वे फाटक' हे शब्द तिच्या कानावरून कधी गेलेच नव्हते. 'राहगीर' विचारला असता तर तिने झोपेतही उत्तर दिले असते.

त्याच संध्याकाळी एक ओळखीचे गृहस्थ आले. 2021 पासून ही परीक्षा आधारच्या मदतीने घरबसल्या देता येते. ते म्हणाले, "पोरीला बसवूच नका, आम्ही देऊन टाकतो." आमच्या अम्मी आतून म्हणाल्या, "बेटा, पर्चा तू देशील, मग गाडी कोण चालवेल?" गृहस्थ चहा न घेताच गेले. अशी 'मदत' आपल्या मोहल्ल्यांतही घेतली जाते, हे आम्ही झाकून ठेवणार नाही.

मग वही घेतली. एका बाजूला मराठी शब्द, समोर उर्दू. चिन्हे आकारावरून पाठ केली: लाल काठाचा त्रिकोण सावध करतो, लाल काठाचे वर्तुळ मनाई करते, निळे वर्तुळ हुकूम देते, अष्टकोन दिसला की थांबायचे. बिनफाटकाच्या रुळाजवळ थांबून दोन्हीकडे पाहायचे, हे समजावताना आम्हाला आमची शकुंतला आठवली. ती गाडी बंद झाली, प्रश्न मात्र कायम आहे. अपघात झाला तर जखमीला आधी दवाखान्यात न्यायचे आणि 24 तासांच्या आत पोलिसांना कळवायचे, हे उत्तर तिने एकदाच वाचले.

हे सगळे चालू असताना शेजारचा पंधरा वर्षांचा मुलगा दोन मित्रांना मागे बसवून घरासमोरून गेला. त्याच्या अब्बूंना आम्ही सांगून आलो की 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजारांचा दंड होऊ शकतो. शिवाय मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. त्यांना आमचे बोलणे आवडले नाही. पण चार दिवस गाडी घरात उभी दिसली.

दुसऱ्या वेळी पुन्हा 50 रुपये भरून भाचीने 13 मिळवले. पक्क्या परवान्याची चाचणी 30 दिवसांनंतर देता येईल. सध्या फजरनंतर ईदगाहच्या मैदानावर मामू मागे धावतात आणि ती क्लच सोडताना गाडी बंद पाडते.